पॅरिसचे वार्तापत्र, नवापूरची पदयात्रा : पर्यावरण शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास

शाश्वत विकासासाठी शिक्षण ही संकल्पना आज युनेस्कोच्या ठरावांपासून जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत सर्वत्र मान्य झालेली असली, तरी तिचा इतिहास बहुधा परिषदांच्या तारखा आणि जाहीरनाम्यांची नावे यांच्या आधारेच लिहिला जातो. आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता शाबूत ठेवणारा विकास तो शाश्वत विकास, आणि अशा विकासासाठी लागणारे ज्ञान, कौशल्ये व मूल्ये रुजवणारे शिक्षण ते शाश्वत विकासासाठीचे शिक्षण, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. हे शिक्षण जगभर पोहोचवण्याची जबाबदारी ज्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी आणि त्यांच्याशी जोडलेल्या नेटवर्कनी, म्हणजे देशोदेशीच्या संस्था व व्यक्तींच्या जाळ्यांनी, स्वीकारली, त्यांनी ती कोणत्या भाषेतून, कोणत्या माध्यमातून आणि मुख्य म्हणजे कोणाला उद्देशून पार पाडली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कोणाशी बोलायचे, काय सांगायचे, कशातून सांगायचे आणि ऐकणाऱ्याचे म्हणणे परत कसे मिळवायचे याच्या विचारपूर्वक आखणीला संवादनीती म्हणतात. या संवादनीतीच्या अंगाने गेल्या पाऊणशे वर्षांकडे पाहिले तर असे दिसते की, पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथून निघालेला निरोप ज्या ठिकाणी स्थानिक माणसांनी आपल्या परिसरातून नव्याने घडवला त्याच ठिकाणी तो रुजला, आणि ज्या ठिकाणी तो केवळ पुढे धाडला गेला तेथे तो कार्यालयाच्या दप्तरात राहिला.

या इतिहासाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात होतो. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९४८ साली युनेस्कोच्या पुढाकाराने निसर्गसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि हीच संघटना पुढे आययूसीएन या नावाने ओळखली जाऊ लागली. युनेस्कोचे पहिले महासंचालक जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांचा या स्थापनेत मोठा वाटा होता, आणि संघटनेने लगोलग शिक्षणासाठी एक स्वतंत्र आयोगही नेमला. परंतु त्या काळी निसर्गशिक्षण म्हणजे प्रामुख्याने दुर्मीळ प्राणी, वनस्पती व राखीव प्रदेश यांची माहिती असेच मानले जात असल्यामुळे त्याचा श्रोतृवर्ग शास्त्रज्ञ आणि निसर्गप्रेमी मंडळींपुरता मर्यादित राहिला. पर्यावरण शिक्षण म्हणजे माणूस, त्याची संस्कृती आणि त्याचा भौतिक परिसर यांच्यातील संबंध उमजून घेण्याची प्रक्रिया, ही पुढे पायाभूत ठरलेली मांडणी आययूसीएन व युनेस्को यांनी अमेरिकेतील कार्सन सिटी येथे १९७० साली घेतलेल्या बैठकीत झाली.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेने या विषयाला राजकीय मान्यता दिली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज या परिषदेत भाषण करणाऱ्या एकमेव शासनप्रमुख भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या, आणि पर्यावरणाचा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नापासून तोडता येणार नाही हे त्यांनी तेथे ठामपणे मांडले. परिषदेच्या घोषणापत्रातील एकोणिसावे तत्त्व पर्यावरणविषयक शिक्षण प्रौढांना व मुलांना, आणि त्यातही वंचित समाजघटकांना मिळावे असे सांगते, व त्याच तत्त्वात प्रसारमाध्यमांनी पर्यावरणाच्या ऱ्हासाला हातभार न लावता त्याच्या संरक्षणाची शैक्षणिक माहिती द्यावी अशी अपेक्षाही व्यक्त केलेली आहे. शिक्षण आणि प्रसार यांची ही सांगड महत्त्वाची होती, कारण पुढील सर्व कार्यक्रमांचा पाया तिनेच घातला. परिषदेच्या शहाण्णवाव्या शिफारशीने एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण शिक्षण कार्यक्रमाची मागणी केली, आणि तिला अनुसरून युनेस्को व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम या दोन संस्थांनी जानेवारी १९७५ मध्ये असा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. तो १९९५ पर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे चालला.

या कार्यक्रमाच्या कामाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण पर्यावरण शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संवादनीतीचा तो पहिला पूर्ण नमुना होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड येथे दहा दिवसांची कार्यशाळा भरली आणि तिच्यातून बेलग्रेड सनद म्हणून प्रसिद्ध असलेला दस्तऐवज तयार झाला. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य, मूल्यमापनाची क्षमता आणि सहभाग अशी सहा उद्दिष्टे या सनदेने ठरवून दिली. एवढेच करून न थांबता हे शिक्षण कोणासाठी आहे याचीही तिने वर्गवारी केली, व त्यात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी, शिक्षक, निरनिराळे व्यावसायिक आणि शाळेबाहेरचा सर्वसामान्य समाज अशा सर्वांचा समावेश केला. श्रोता आधी ठरवावा आणि निरोप मागाहून, या तत्त्वाची चाहूल येथे लागते. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात ब्राझाव्हिल, बँकॉक, कुवेत, बोगोता, हेलसिंकी अशा शहरांत प्रादेशिक बैठका घेऊन सनदेवर त्या त्या खंडातील तज्ज्ञांची मते मागवली गेली.

जानेवारी १९७६ पासून या कार्यक्रमाचे वार्तापत्र निघू लागले. ‘कनेक्ट’ असे त्याचे नाव होते आणि बेलग्रेड सनद त्याच्या पहिल्याच अंकातून जगापुढे आली. थोड्याच पानांचे हे त्रैमासिक पॅरिसहून निघत असे, आणि त्यात एखाद्या विषयावरील मुख्य लेख, निरनिराळ्या देशांतील प्रयोगांची थोडक्यात माहिती, नव्या पुस्तकांची नोंद व येऊ घातलेल्या बैठकांची सूचना असा मजकूर असे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी व रशियन या भाषांबरोबर पुढे चिनी, हिंदी व युक्रेनियन भाषांतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हती. संगणकीय जाळ्यांच्या पूर्वीच्या त्या जगात नैरोबीतील प्रशिक्षण महाविद्यालयाला किंवा लॅटिन अमेरिकेतील एखाद्या शिक्षण खात्याला आपल्यासारखेच काम अन्यत्र चालू असल्याचे कळण्याचा हा एक मोजका विश्वासार्ह मार्ग होता, आणि विखुरलेल्या कार्यकर्त्यांमध्ये आपण एकटे नाही ही भावना निर्माण करण्याचे श्रेय या वार्तापत्राला दिलेच पाहिजे.

तरीही या नीतीची मर्यादा तिच्या रचनेतच होती. वार्तापत्राचा वाचक शिक्षण मंत्रालयातील अधिकारी, अभ्यासक्रम तयार करणारा तज्ज्ञ किंवा शिक्षकांना प्रशिक्षण देणारा प्राध्यापक हा होता, आणि त्याच्याकडून निरोप शिक्षकाकडे, शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे व विद्यार्थ्याकडून घराकडे जाईल, असे यामागील गृहीतक होते. या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीत खर्च कमी येतो, हे खरे. परंतु प्रत्येक पायरीवर निरोपाचा काही भाग गळतो आणि खालच्या पायरीवरील माणसाचा प्रश्न वर पोहोचण्याची वाट तेथे जवळजवळ नसते. भाषांतर सहसा अधिकृत भाषांपाशी थांबत असे. हिंदी आवृत्ती निघाल्याने उत्तर भारतातील काही वाचकांची सोय झाली, पण मराठी, कन्नड किंवा मल्याळम बोलणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला त्या अंकातील मजकुराची ओळख झाली तर ती कोणाच्या तरी मध्यस्थीनेच.

पुढचा टप्पा सोव्हिएत जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे १४ ते २६ ऑक्टोबर १९७७ या काळात भरलेल्या आंतरशासकीय परिषदेचा. आंतरशासकीय याचा अर्थ असा की, तेथे तज्ज्ञ आपल्या वैयक्तिक नात्याने नव्हे, तर सरकारांचे प्रतिनिधी म्हणून आले होते. साठाहून अधिक देशांच्या शिष्टमंडळांनी येथे ४१ शिफारशी संमत केल्या आणि बेलग्रेडच्या सहा उद्दिष्टांतील मूल्यमापन क्षमतेला वगळून बाकीची पाच कायम केली. हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो, पण तो खेदकारक होता, कारण सरकारच्या व बाजाराच्या योजनांची पारख करण्याची शक्ती नागरिकात यावी ही बेलग्रेडची अपेक्षा स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून तिबिलिसीत उरली नाही. याच परिषदेने मात्र पर्यावरण शिक्षण हा वेगळा विषय न मानता सर्व विषयांतून, आयुष्यभर आणि स्थानिक प्रश्नांच्या आधारे दिले जावे असा आग्रह धरला, आणि शिक्षणशास्त्रात तिबिलिसीचे नाव आजही या आग्रहासाठी घेतले जाते.

शिक्षण परिसराशी जोडलेले असावे हा विचार महाराष्ट्राला परका नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची जी योजना आखली, तिच्यात हस्तोद्योग, भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर या तीन केंद्रांभोवती सर्व विषयांची गुंफण करावी असे सुचवले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ मध्ये सुरू केलेले व पुढे कोसबाडला नेलेले काम याच विचाराचे प्रत्यक्ष रूप होते. गुरे चारायला नेणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवल्या, आणि दगड, पाने, बिया, शिंपले हेच तेथील शैक्षणिक साहित्य ठरले. तिबिलिसीच्या शिफारशी लिहिणाऱ्यांपुढे या प्रयोगांची नोंद नसावी, असे मानायला जागा आहे. आंतरराष्ट्रीय नेटवर्कमध्ये माहिती प्रामुख्याने एकाच दिशेने, केंद्राकडून परिघाकडे, वाहत असल्याचा हा परिणाम होता, आणि त्यात नुकसान दोन्ही बाजूंचे झाले.

भारतात या प्रवाहाला संस्थात्मक रूप १९८०च्या दशकात मिळाले. कार्तिकेय साराभाई यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली अहमदाबाद येथे केंद्र सरकारच्या पाठबळाने सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन ही संस्था स्थापन झाली. पुढे तिचे काम पुण्यासह देशाच्या अनेक भागांत पसरले. वृत्तपत्रांना पर्यावरणविषयक लेख पुरवणारी सेवा तिने चालवली, शिक्षकांसाठी कृतिपुस्तिका काढल्या आणि प्रादेशिक भाषांत साहित्य तयार करण्यावर भर दिला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाचे रक्षण हा देशभरच्या अभ्यासक्रमाच्या समान गाभ्याचा एक घटक ठरवला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण जागृती मोहिमेत शाळा, महिला मंडळे, युवक मंडळे व स्वयंसेवी संस्थांना लहान लहान रकमांचे अर्थसाहाय्य मिळू लागले. प्रभातफेरी, पथनाट्य, भित्तिपत्रक स्पर्धा, परिसंवाद, पदयात्रा असे कोणतेही माध्यम या संस्थांनी आपल्या सोयीने निवडावे, ही या मोहिमेची मुभा होती. तिच्या नावावर वृक्षारोपणाचे औपचारिक कार्यक्रमही पुष्कळ झाले असतील. पण निरोप कशातून सांगायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रथमच मोठ्या प्रमाणावर गावातल्या माणसाकडे आला, हे तिचे महत्त्व कमी होत नाही.

या संदर्भात १९८७ हे वर्ष फार बोलके आहे. त्या वर्षी नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुन्टलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि शाश्वत विकासाची वर दिलेली व्याख्या जगभर पोहोचली. ऑगस्टमध्ये तिबिलिसीला दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने मॉस्को येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तिने १९९०च्या दशकासाठी पर्यावरण शिक्षणाची व्यूहरचना आखली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लोकविज्ञान संघटनांच्या पाच जथ्यांनी गाणी, नाटुकली व व्याख्याने यांच्या साहाय्याने विज्ञानाचा प्रसार करत देश पालथा घातला, आणि हे सर्व जथे शेवटी भोपाळला, म्हणजे वायुदुर्घटनेला तीन वर्षेही पुरती न झालेल्या शहरात, एकत्र आले.

त्याच नोव्हेंबरमध्ये पश्चिम घाट बचाओ पदयात्रा निघाली. उत्तरेकडील तुकडी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील नवापूरहून आणि दक्षिणेकडील तुकडी कन्याकुमारीहून चालू लागली, आणि सुमारे शंभर दिवसांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, दोन्ही तुकड्या गोव्यात फोंड्याजवळच्या रामनाथी येथे भेटल्या. पश्चिम घाटाची ही पर्वतराजी सुमारे १,६०० किलोमीटर लांबीची आहे, आणि तिच्यात उगम पावणाऱ्या गोदावरी, कृष्णा, कावेरी या नद्यांवर द्वीपकल्पाचा मोठा भाग जगतो. तरीही धोरणकर्त्यांच्या लेखी तोवर हा प्रदेश वनखाते, पाटबंधारे खाते आणि खाण खाते यांच्यात विभागलेला होता. पदयात्रेने तो एक प्रदेश म्हणून लोकांपुढे आणला. गावोगाव सभा घेणे, जंगल, पाणी, जमीन व रोजगार यांविषयी लोकांचे म्हणणे ऐकणे आणि मग पुढच्या गावी जाणे, ही जी पदयात्रेची रीत, तिच्यात सांगणारा आणि ऐकणारा यांच्या भूमिका सतत बदलत राहतात. यात्रेत चालणारा विद्यार्थी जंगलतोडीबद्दल सांगायला जातो आणि सरपण, जनावरांची चराई, धरणाखाली गेलेली शेते यांबद्दल ऐकून येतो. वारीची परंपरा असलेल्या समाजाला चालत जाऊन बोलण्याची ही पद्धत शिकवावी लागली नाही. मॉस्कोच्या व्यूहरचनेत सहभाग हा शब्द होता. सह्याद्रीत त्याचे प्रत्यक्ष रूप दिसले, आणि या दोहोंचा एकमेकांशी काही औपचारिक संबंध नव्हता, ही त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कची मोठी उणीव म्हणावी लागेल.

न्यायालयानेही या इतिहासात अनपेक्षित भूमिका बजावली. वकील एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जे निर्देश दिले, ते पाहता त्यांना राष्ट्रीय संवादनीतीचाच आराखडा म्हणता येईल. चित्रपटगृहे, फिरते सिनेमे आणि व्हिडिओ पार्लर यांनी प्रत्येक खेळाच्या वेळी पर्यावरणविषयक किमान दोन स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात व ही परवान्याची अट असावी, आकाशवाणी व दूरदर्शनने रोज पाच ते सात मिनिटे या विषयाला द्यावीत, आणि शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याच्या दृष्टीने पावले उचलावीत, असे हे निर्देश होते. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणारा प्रेक्षक हा पर्यावरण शिक्षणाचा श्रोता आहे, ही जाणीव त्यापूर्वीच्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात इतक्या नेमकेपणाने उतरलेली नव्हती. महाविद्यालयीन शिक्षणाविषयीच्या निर्देशाची अंमलबजावणी मात्र रेंगाळली, आणि न्यायालयाने पुन्हा लक्ष घातल्यानंतरच विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. व्यवसायाने शल्यचिकित्सक असलेल्या भरुचा यांनी भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था उभी केली होती, आणि शाळांतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

जून १९९२ मध्ये रिओ द जानेरो येथील पृथ्वी शिखर परिषदेने अजेंडा २१ हा चाळीस प्रकरणांचा कृतिकार्यक्रम स्वीकारला. त्याच्या छत्तिसाव्या प्रकरणात शिक्षणाला शाश्वत विकासाची दिशा देणे, लोकजागृती वाढवणे आणि प्रशिक्षण या तीन बाबी एकत्र आणलेल्या आहेत. येथून पर्यावरण शिक्षण ही संज्ञा मागे पडून शाश्वत विकासासाठी शिक्षण ही संज्ञा पुढे आली. युनेस्को आणि पर्यावरण कार्यक्रमाचा संयुक्त उपक्रम १९९५ मध्ये संपला, आणि डिसेंबर १९९७ मध्ये ग्रीसमधील थेसालोनिकी येथील परिषदेने या बदलावर शिक्कामोर्तब केले. हा बदल सर्वांना रुचला नाही. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ बॉब जिकलिंग यांनी १९९२ मध्येच एका गाजलेल्या लेखात आपल्या मुलांना शाश्वत विकासासाठी शिक्षण मिळू नये असे आपल्याला का वाटते, हे मांडले होते. शिक्षणाला आधीच ठरलेले साध्य चिकटवले की विद्यार्थ्याने त्या साध्याचीच चिकित्सा करण्याचा मार्ग बंद होतो, आणि मग ते शिक्षण न राहता प्रचार होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हा आक्षेप मूलभूत आहे आणि नेटवर्कच्या संवादनीतीला तो आजही लागू पडतो. निरोप पोहोचला की नाही एवढेच मोजणारी नीती श्रोत्याने प्रश्न विचारला की नाही हे मोजत नाही. बेलग्रेडने सांगितलेली आणि तिबिलिसीने गाळलेली मूल्यमापनाची क्षमता नेमकी याच ठिकाणी आठवते.

सुदैवाने १९९०च्या दशकात संवादाविषयीची समजही प्रौढ होत होती. आययूसीएनच्या शिक्षण आयोगाचे रूपांतर शिक्षण व संवाद आयोगात झाले आणि जैवविविधता करार, पाणथळ जागांविषयीचा रामसर करार अशा आंतरराष्ट्रीय करारांत संवाद, शिक्षण व लोकजागृती यांचे एकत्रित कार्यक्रम सुरू झाले. या आयोगाने रुजवलेली पद्धत अशी की, आधी प्रश्न कोणता आणि तो कोणाच्या वागण्यामुळे निर्माण होतो हे पाहावे, मग त्या माणसांना काय महत्त्वाचे वाटते ते विचारावे, आणि त्यानंतरच मजकूर व माध्यम ठरवावे. भित्तिपत्रक आधी छापायचे आणि ते कोठे लावायचे हा विचार नंतर करायचा, ही रूढ चाल तिने चुकीची ठरवली. २०१० साली जपानमधील नागोया येथे जैवविविधता कराराच्या परिषदेच्या सुमारास याच आयोगाने एका लघुपटातून असे मांडले की, प्रजाती नष्ट होत असल्याच्या भीतिदायक आकड्यांनी लोक कृतीकडे वळत नाहीत, तर निसर्गाविषयीच्या जिव्हाळ्याने वळतात. तोट्याची भाषा सोडून मायेची भाषा वापरावी, हा त्याचा आशय. प्रदूषणाने आजारी पडलेल्या वस्तीला केवळ जिव्हाळ्याची भाषा पुरणार नाही, हे खरे असले तरी शाळेतील लहान मुलांच्या बाबतीत हा सल्ला योग्यच होता.

याच काळातील दुसरा उल्लेखनीय प्रयोग इको-स्कूल्सचा. युरोपातील पर्यावरण शिक्षण प्रतिष्ठानाने १९९४ साली डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस व ब्रिटन या देशांत तो सुरू केला आणि पुढे तो भारतासह अनेक देशांत पसरला. विद्यार्थ्यांची समिती, शाळेच्या पाणी-वीज-कचऱ्याची पाहणी, कृतियोजना, देखरेख, अभ्यासक्रमाशी सांधा, इतरांना माहिती देऊन सामील करून घेणे आणि शाळेची स्वतःची आचारसंहिता असे त्याचे सात टप्पे आहेत, आणि ते पार पाडणाऱ्या शाळेला हिरवा ध्वज मिळतो. आपल्या शाळेच्या टाकीतून किती पाणी वाहून जाते हे मोजणारा आणि ते फलकावर लिहून गावाला सांगणारा विद्यार्थी येथे निरोपाचा कर्ता असतो. संवाद हा कार्यक्रमाच्या शेवटी करायचा प्रचार नसून कार्यक्रमाचाच एक टप्पा आहे, ही सुधारणा वार्तापत्राच्या काळापासून झालेली खरी प्रगती होती.

डिसेंबर २००२ मध्ये जपानच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून जाहीर केले व युनेस्कोकडे त्याचे नेतृत्व सोपवले. दशकाचा औपचारिक प्रारंभ मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कला झाला, पण त्यापूर्वीच, जानेवारीत, अहमदाबादला या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने याच वर्षी प्रादेशिक तज्ज्ञता केंद्रांची योजना सुरू केली. एका शहरातील किंवा प्रदेशातील विद्यापीठे, शाळा, नगरपालिका, संग्रहालये व स्वयंसेवी संस्था यांनी स्थानिक प्रश्नाभोवती एकत्र येणे, अशी ही रचना असून टोरांटो, बार्सिलोना, पेनांग, ओकायामा ही पहिल्या केंद्रांपैकी काही होत. भारतात पुण्यासह काही शहरांत अशी केंद्रे पुढे निर्माण झाली. तिबिलिसीला तीस वर्षे पूर्ण होत असताना, नोव्हेंबर २००७ मध्ये, आंतरराष्ट्रीय पर्यावरण शिक्षण परिषदेचे यजमानपद अहमदाबादकडे आले आणि तेथील घोषणापत्राने आपले जीवन हाच आपला संदेश या गांधीजींच्या उद्गाराचा आधार घेतला. वर्ध्याच्या परिषदेनंतर सत्तर वर्षांनी गांधीजींचा शिक्षणविचार जागतिक नेटवर्कच्या अधिकृत भाषेत दाखल झाला. दशक संपल्यानंतरचे टप्पे, म्हणजे शाश्वत विकासासाठी शिक्षणाविषयीची २०१४ची नागोया परिषद, २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील चौथ्या उद्दिष्टाचे सातवे लक्ष्य आणि मे २०२१ची बर्लिन घोषणा, हे बव्हंशी आधीच्या धोरणाचे विस्तार आहेत.

या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम घाटाच्या बाबतीत जे घडले, त्यातून मात्र धडा घ्यावयास हवा होता. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला अहवाल सादर केला, आणि संरक्षणाच्या पातळ्या ग्रामसभांच्या चर्चेतून ठरवाव्यात अशी त्याची भूमिका होती. परंतु इंग्रजीत लिहिलेला तो अहवाल माहिती अधिकाराच्या व न्यायालयाच्या मार्गाने मे २०१२ मध्ये सार्वजनिक होईपर्यंत घाटमाथ्यावरील गावांत त्याविषयीच्या अफवा अहवालाच्या आधी पोहोचल्या. त्याच्या पंचवीस वर्षे आधी ज्या प्रदेशातून लोक चालत गेले होते, त्याच प्रदेशात लोकांशी त्यांच्या भाषेत वेळेवर बोलण्याचे काम झाले नाही, आणि त्याची किंमत घाटाने चुकवली.

बेलग्रेड सनद, तिबिलिसीच्या शिफारशी आणि ‘कनेक्ट’चे अंक युनेस्कोच्या दप्तरात सुरक्षित आहेत व अभ्यासकाला ते सहज मिळतात. नवापूर ते रामनाथी या वाटेवर वाटलेली मराठी-कोंकणी पत्रके, जथ्यांच्या गाण्यांच्या पुस्तिका, जागृती मोहिमेत शाळांनी काढलेली हस्तलिखिते आणि कार्यकर्त्यांच्या दैनंदिन्या यांचा असा एकत्रित संग्रह महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील विद्यापीठांनी करणे अगत्याचे आहे. त्या पदयात्रेत चाललेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते जवळच्या विद्यापीठाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत.